एकेरी भुसावळ

विनायक भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पलीकडे माझी जाऊ सुनंदा रडत होती. "येते, लगेच येते," म्हणून मी फोन ठेवला आणि मनात पहिलं आलं ते हे, की सुटले माझ्या हातून. कुणाला वाईट वाटायचं तर वाटू दे. दीर गेल्याचं दुःख मागाहून आलं, आणि आलं ते पुरतं आलं. पण आधी आला तो राग. माझं उट्टं काढायचं राहिलं होतं, आणि हा माणूस डाव अर्धवट टाकून चालता झाला.

बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या त्यांच्या घरी बसायला येणारा जो तो म्हणत होता, देवमाणूस होता. शनवाऱ्यात त्यांचं पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान. तिथं गिऱ्हाइकाला कधी उलट बोलले नाहीत, हे खरं. मी मान डोलवत बसले. या देवमाणसानं माझं भुसावळ किती वेळा गिळलं ते फक्त मला ठाऊक होतं.

माझे यजमान गेले त्यानंतरची ही गोष्ट. तेव्हा येणारा-जाणारा माझ्याशी दबक्या आवाजात बोलायचा, चहाचा कपसुद्धा लोक आवाज न करता खाली ठेवायचे. मुलानं पुण्याहून रेल्वेचा एक पटावरचा खेळ आणून दिला होता, आईचं मन रमेल म्हणून. तो तसाच पडून होता. एका रविवारी दुपारी भाऊजींनी खोका उघडला. खेळ सोपा आहे. हातात आलेल्या पत्त्यावर दोन गावं लिहिलेली असतात, ती आपले डबे मांडून जोडायची. ज्या वाटेवर एकाचे डबे बसले ती वाट त्याची, दुसऱ्यानं वळसा घालून जायचं. काही वाटा तेवढ्या दुहेरी, तिथं दोघांना जागा. माझे डबे लाल, त्यांचे निळे. पहिल्याच डावात त्यांनी माझी वाट अडवली आणि वर हसले. मी पट ढकलून दिला आणि ओरडले, "असं खेळतात का?" कित्येक महिन्यांनी त्या घरात माझा आवाज चढला होता. त्यांनी शांतपणे डबे गोळा केले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो, वहिनी."

पटावरची गावं परदेशातली. "हे गाव कोणाले पाहायचे?" म्हणत त्यांनी सुताच्या खोक्याचा पुठ्ठा कापून स्वतःच नकाशा काढला. खंडवा, बुऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, जळगाव, अकोला. आमचं स्टेशन लालबागेत, गावापासून लांब, म्हणून बुऱ्हाणपुरात शिरायचं तर एक डबा ऑटोरिक्षाचा म्हणून वेगळा ठेवावा लागे. भुसावळची वाट एकेरी. ती ते सुरुवातीलाच बळकावत आणि मिशीत हसत म्हणत, "वहिनी, भुसावळ तो गया." मग मी शहाणी झाले. आधी रावेर धरायला शिकले, लागोपाठ जिंकायला लागले... की रविवारी नवा पुठ्ठा हजर. आता म्हणे तापीवर पूल नाही, नावेसाठी जादा पत्ता टाका. तेही जमलं, तर सातपुड्यात बोगदे निघाले.

"रडीचा डाव खडी, भाऊजी."

"रडीचा कायले? रेल्वे वाढते ना, वहिनी. नवी लाइन पडली तर नकाशा बदलणारच ना."

नकाशे बदलले, भुसावळ मात्र दर वेळी एकेरीच राहिलं. आठवडाभर मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्या माणसाला कसं अडवायचं याचाच विचार करत असे. दुसरा कसला विचार करायला सवड उरत नसे.

शेवटचं भेटलो ते त्यांना इंदूरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर. उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते.

"नवा नकाशा बनवतोय," ते म्हणाले.

"नवा नको. जुन्यावर एकदा बसा माझ्यासमोर."

"जुन्यावर तुम्ही जिंकता ना."

"म्हणूनच म्हणते."

ते हसले, मग खोकत राहिले... "बरे व्हा, मग बघते तुमच्याकडे," मी दरडावलं. त्यांच्याशी मी दबक्या आवाजात कधी बोलले नाही, त्या दिवशीही नाही.

महिना उलटल्यावर सुनंदानं पलंगाखालून पुठ्ठा काढून माझ्या हाती दिला. "ताई, तुमच्यासाठीच बनवत होते. मी बोलली, आराम करा. हात थरथर करायचा, तरी सोडलं नाही."

रेघा वाकड्यातिकड्या होत्या. सवयीनं मी आधी भुसावळ पाहिलं. तिथली वाट दुहेरी होती. एक रेघ निळी आणि तिच्या शेजारी एक लाल, अगदी जपून काढलेली. म्हणजे त्यांनी काहीही केलं तरी माझी गाडी जाणार होती.

"किती विचार केला पाहा तुमचा," सुनंदा म्हणाली.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. सगळ्या गावानं मला बिचारी म्हणावं, पण या एका माणसानं म्हणू नये, एवढंच तर मला हवं होतं. त्यासाठीच मी रविवारची वाट पाहत असे. आणि जाता जाता यांनीही माझी कीव केली?

घरी येऊन मी व्हाइटनरची बाटली शोधली आणि ती लाल रेघ पुसून टाकली. भुसावळ पुन्हा एकेरी झालं. त्या वाटेवर त्यांचे निळे डबे मी माझ्या हातानं बसवले. पट आता खिडकीजवळच्या मेजावर मांडलेला असतो, झाडायलासुद्धा मी कुणाला हात लावू देत नाही. रविवारी दुपारी त्याच्यासमोर बसते आणि एखादा डबा पुढे सरकवते. माझी लाल गाडी खंडवा, अकोला असा लांबचा वळसा घेत निघाली आहे. वेळ लागेल... लागू दे. भुसावळ गेलं, भाऊजी, कबूल. पण उट्टं काढल्याशिवाय मी हा पट आवरणार नाही.