आधी हात लावला

गाव सोडून निघाले त्या दिवशी होटगी स्टेशनात पुण्याची गाडी लागली, तेव्हा आईनं माझ्या गालाकडे हात नेला आणि मी मागं सरकले. ती नुकतीच शिवाप्पाचे पाय धुऊन आली होती. शिवाप्पा मेंढरं राखणारा म्हातारा. कुष्ठरोगात पायाची बोटं झडलेली. औषधानं रोग गेला, जखमा मात्र पुन्हा पुन्हा होत राहिल्या. डब्यातून मैत्रिणी बघत होत्या, म्हणून मी लांबूनच हात जोडले. आईनं हात पदराला पुसला. जशी काही चूक तिचीच होती.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, नर्सिंगची. पुण्यात वॉर्ड सांभाळते. अनोळखी माणसांचं ड्रेसिंग करताना मला कधी लाज वाटली नाही. लाज फक्त गावातल्या त्या एका म्हाताऱ्याची वाटली.

दादा, गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, "तू शिकलेली हाईस, आईला समजाव. माझ्या पोरीला बघाय पावणे येनार, आन दारात ह्यो शिवाप्पा. ऐकत नसंल तर तिला तिकडं घिऊन जा." मी आले ती समजवायलाच. खोटं कशाला बोलू?

आईला वाचता येत नाही. रविवारी सकाळी शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवत होते. कुष्ठरोगी येशूपुढं गुडघे टेकतो, ती.

"थांब. आदी काय केलं त्येनं?"

"बरं केलं."

"आदी हात लावला. मग बरं केलं. येवढी शिकलीस, नीट वाच की."

पुन्हा पाहिलं. तिचंच बरोबर होतं. ज्याला कुणी शिवत नव्हतं, त्याच्याकडे हात आधी गेला होता. येशूनं रिपोर्ट मागितला नव्हता.

तेवढ्यात शिवाप्पा आला. दारातल्या दगडावर पाय ठेवला आणि मला बघून आखडता घेतला. आईला म्हणाला, "अव्वा, आज तर सायेबीण हाय. पाय पसरू का पळून जाऊ?"

"पसरा," आई म्हणाली. "तिला बी शिकू द्या."

मी पाणी ओतलं. ग्लोव्हज घातले, उघड्या जखमेला ते लागतातच. पट्टी बांधून झाल्यावर ते काढले आणि उघडा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

आईला पुण्याला चल म्हणाले. "तितं कुनाचं पाय धू?" म्हणाली आणि घमेलं विसळायला लागली.

तेव्हा दादा, ती येणार नाही. मीच येईन, महिन्यातल्या एका रविवारी. दारात ह्याचे पाय कोण धुतं असं पाहुण्यांनी विचारलं, तर माझं नाव सांग, डिग्रीसकट. चर्चमध्ये ही गोष्ट ऐकून डोळे पुसणाऱ्या आणि बाहेर शिवाप्पा दिसला की रस्ता बदलणाऱ्यांनाही सांग. आणि गाव सोडून गेलेल्या माझ्यासारख्यांनो, मागं सरकून निघाला असाल तर परत येता येतं.

माझं घर आता त्या दारातल्या दगडाएवढंच उरलंय. तो हलवू नकोस.