यंत्राच्या डोक्यावरचं पाकीट

यंत्राच्या डोक्यावरचं हिरवं पाकीट मी खाल्लं. भूक लागली होती, एवढंच. तैवानात वाढलेल्या माणसाला हे शोभत नाही, कबूल. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट त्याच्यावर ठेवतात. ते कुणी खात नाही आणि त्याची तारीख उलटू देत नाही.

यंत्र म्याओ-रूताईचं, प्रयोगशाळेतल्या माझ्या सीनियरचं. तसं विद्यापीठाचं, पण सहा वर्षं त्याच्याशी बोलत होती ती. काचेचा केसाएवढा तंतू लेझरनं तापवायचा, दोन्हीकडून खेचायचा आणि टोक इतकं बारीक काढायचं की त्यातून उजेड जेमतेम निसटावा. त्या उजेडात मग साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारं दिसतं. ताईनं अशी दोनशे अकरा टोकं काढली होती. एकही जगलं नव्हतं. प्रत्येकाच्या मरणाचं कारण वहीत होतं: शिंक, भूकंप, फांग सरांनी दार आपटलं. शुक्रवारपर्यंत एक धड टोक दाखवलं तर पदवी, नाहीतर सातवं वर्ष.

माझ्या खाण्यानंतर लागोपाठ नऊ तुटली.

"आ-काई, तुझ्या तोंडाला खोबऱ्याचा वास येतोय," ताई शांतपणे म्हणाली.

मी दुकानात पळालो. हिरवी संपली होती, पिवळं मिळालं. ते ठेवल्याबरोबर यंत्रानंही पिवळा दिवा लावला आणि खेचणंच बंद केलं.

फांग सर आले. चाळीस वर्षं प्रकाशाचं शास्त्र शिकवलेला माणूस.

"लेझर तपासला? आरसे?"

"सगळं तपासलं, सर."

"मग माफी कुणी मागितली?"

मी यंत्रापुढे वाकलो.

"आणखी खाली," सर म्हणाले. "आणि नुसती माफी नको. काय देणार, ते सांग त्याला."

मी तीन हिरवी पाकिटं कबूल केली. तोवरच्या सोयीला शेजारच्या प्रयोगशाळेनं आपल्या पंपावरचं पाकीट तासाभरासाठी दिलं. तो तासभर त्यांनी पंप बंद ठेवला.

दोनशे एकविसावं टोक टिकलं. शुक्रवारी पडद्यावर त्याचं उजेड निसटायचं छिद्र दिसलं, ऐंशी नॅनोमीटरचं, अगदी गोल. सर पडद्याजवळ गेले.

"पुन्हा जमेल?"

"पाकीट असेल तर," ताई म्हणाली.

पदवी मिळाली, ताई नोकरीला गेली. यंत्र आणि वही आता माझ्याकडे आहेत.

"टोकं किती झाली रे?" ती फोनवर विचारते.

"चौदा. सगळी तुटली."

"आणि पाकिटं किती दिलीस?"

"दोन," मी म्हणतो आणि तिच्या नोकरीची चौकशी सुरू करतो.