दसऱ्यापर्यंत ठणठणीत

"कसे आहात?" असं कोणी विचारलं की आपण "बरंय" म्हणतो आणि पुढे जातो. आमचे भाऊ थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचार करून सांगायचे, "दसऱ्यापर्यंत ठणठणीत. पुढचं माहीत नाय."

नवा माणूस गोंधळायचा. रत्नागिरीच्या मोजणी कचेरीतले आम्ही सरावलो होतो. भाऊ भूमापक, लोकांच्या जमिनी मोजून हद्दी दाखवून देणारे. मी शेजारच्या टेबलावरचा कारकून, वयाने दहा-बारा वर्षांनी लहान. भाऊंचे वडील आतड्याच्या कॅन्सरने पन्नाशीच्या आत गेले. थोरला भाऊ, ज्याला ते दादा म्हणत, त्याच दुखण्याने त्याहून लवकर गेला. तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी भाऊंना बजावलं, हे तुमच्या घरात चालत आलेलं दिसतंय, दरवर्षी दुर्बीण घालून आतडं तपासून घ्यायचं. ही तपासणी दसरा झाला की असायची.

त्यामुळे त्यांचं वर्ष दसरा ते दसरा. पाच वर्षांची गॅरंटी असलेला मिक्सर त्यांनी एकदा दुकानात परत ठेवला. "आपली स्वतःची गॅरंटी वर्षाची, मिक्सरला पाच कशाला?" वहिनींनी दुसऱ्या दिवशी जाऊन तोच मिक्सर घरी आणला.

तपासणी रत्नागिरीतही झाली असती, पण भाऊंना ते पसंत नव्हतं. "इथे सकाळी दुर्बीण घातली तर दुपारपर्यंत मारुती मंदिराच्या नाक्याला बातमी लागेल."

पितृपक्ष लागला की भाऊ बदलायला लागायचे. वडलांचं आणि दादाचं पान वाढून आले की दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. मग पोटात काहीतरी दुखायला लागायचं. आदल्या दिवशी कोळंबीचं कालवण तीन वाट्या ओढलंय, हे त्यांना आठवायचं नाही. हळूच माझ्याजवळ येऊन विचारायचे, "माझा चेहरा उतरलाय का रे?" नाही म्हटलं तर मी खोटं बोलतोय, आणि हो म्हटलं तर संपलंच. मी म्हणायचो, "भाऊ, मुळातच तुमचा चेहरा तसा आहे." तेवढ्यावर त्यांचा अर्धा दिवस बरा जायचा.

घरात चिठ्ठ्या लागायच्या. रत्नागिरीजवळ पावस गावात त्यांची आंब्याची छोटी बाग होती. तिथल्या पंपावर चिठ्ठी : मोटर चालू न झाल्यास आधी फ्यूज बघणे. गॅसवर चिठ्ठी, कपाटावर चिठ्ठी. आपण नसलो तर बायकोचं अडू नये, म्हणून. तपासणी चांगली निघाली की भाऊ लाजून त्या काढायला जायचे. वहिनी आधीच काढून डब्यात ठेवत. "फाडू नका," त्या म्हणायच्या. "पुढच्या वर्षी परत लिहीत बसाल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना हसावं तर पाप वाटतं, आणि न हसावं तर त्यांनाच करमत नाही.

सोबत म्हणून कोल्हापूरला मी जायचो. आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं औषध दोन लिटर पाण्यातून प्यावं लागतं. लॉजच्या खोलीत पहिला पेला तोंडाला लावला की भाऊ म्हणायचे, "मिरकरवाड्याच्या मासळीच्या धक्क्याचं पाणी ह्याच्यापेक्षा गोड असेल." नंतरचा संवाद बंद दाराआडून. आतून ते मला त्यांच्या टेबलावरच्या अर्ध्या राहिलेल्या मोजण्या समजावत. "लिहून घेतलंस?" मी म्हणायचो, "घेतलं." मी वर्तमानपत्र वाचत असे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर "काही नाही, पुढच्या वर्षी या" म्हणाले की भाऊ एखाद्या पोरासारखे जिना उतरायचे. तांबडा रस्सा हाणायचे. पण हा आनंद परतीच्या वाटेवर आंबा घाट येईपर्यंत टिकायचा. एकदा घाटात एकदम म्हणाले, "दादाने एकदा जरी दुर्बीण करून घेतली असती ना! वडील गेल्यावर मी मागे लागलो, तर म्हणाला, तू बघून घे, मला काय होतंय. आणि मी इथे रस्सा खातोय."

मग त्याच ओघात मी विचारलं, "डॉक्टर एवढं सांगतात, तर ती रक्ताची तपासणी का नाही करत?" हे दुखणं रक्तातूनच आलंय का, हे त्या एका तपासणीत कळणार होतं, आणि भाऊ ती दरवर्षी टाळत होते.

"दुर्बिणीत माझं दिसतं रे," ते म्हणाले. "रक्तात पोरीचं दिसेल."

त्यांची एकुलती मुलगी पुण्यात नोकरीला. तिला यातलं काही माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. दरवर्षी तिला सांगायचे, "ऑफिसच्या कामाने कोल्हापूरला जातोय."

मग एका वर्षी दुर्बिणीत दोन बारीक गाठी दिसल्या. डॉक्टरांनी तिथल्या तिथे काढल्या आणि तपासायला पाठवल्या. अहवालाला दहा दिवस. त्या दहा दिवसांत भाऊंनी एकही विनोद केला नाही आणि एकही चिठ्ठी लिहिली नाही. जमीन मोजायला गेले की हद्दीच्या दगडावर बसून राहायचे. चिठ्ठ्या नाहीत म्हणून वहिनी पहिल्यांदा घाबरल्या.

अहवाल आला. कॅन्सर नव्हता, पण गाठी राहिल्या असत्या तर झाला असता. डॉक्टर या वेळी कडक बोलले. "तुमची मुलगी पंचविशीची झाली. तिचं बघायला हवं. तुम्ही सांगता की मी फोन करू?"

"मीच सांगतो," भाऊ म्हणाले. आणि कचेरीत चहाच्या वेळी माझ्यावर तालीम सुरू झाली. मी मुलगी. "बाळ, आपलं घराणं मूळचं देवरूखकडचं..." अशी सुरुवात करून ते पणजोबांपर्यंत जायचे आणि तिथेच चहा संपायचा.

दिवाळीला मुलगी आली. धीर म्हणून मलाही फराळाला बोलावलं. भाऊंनी घसा साफ केला. "बाळ, आपलं घराणं मूळचं—"

"बाबा," ती चकली मोडत म्हणाली, "मी दोन वर्षं पुण्यात दुर्बीण करून घेतेय. दोन्ही वेळा चांगली आली."

भाऊंचा चष्मा कपाळावर होता तो तिथेच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"आईने. काका गेले तेव्हाच."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठ्यांत हे कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून मीच सांगून टाकलं."

"मग मला का नाय सांगितलंस?" भाऊ मुलीवर ओरडले.

"तुम्ही कुठे मला सांगितलंत?"

भाऊंनी एक लाडू घेतला, खाल्ला नाही, हातातच धरून बसले. मग ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "रक्त मात्र दिलं नाही हो अजून. एकटीने नको वाटलं. तुमच्याबरोबर देईन."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी भाऊंचं रक्त तपासायला गेलं, मग तिचं. महिने गेले. भाऊ काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. एका सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीत आले आणि टेबलाटेबलावर फिरले.

"रिपोर्ट चांगला आला वाटतं?" आमच्या साहेबांनी विचारलं.

"माझा वाईट आला," भाऊ म्हणाले. "पेढा घ्या."

साहेबांचा हात पुड्यातच राहिला. भाऊ माझ्या टेबलाशी आले तेव्हा डोळे भरलेले होते. "माझ्या रक्तात सापडलं, ते मागेच कळलं होतं. तिच्या रक्तात नाय. पोरगी सुटली रे." पुडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आणि ती बया फोनवर रडतेय. म्हणते, मी सगळी तयारी केली होती, आता तुम्ही एकटेच राहिलात. सुटली म्हणून कोणी रडतं का?" एवढं बोलून ते स्वतःच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी पुडा उचलला आणि उरलेल्या टेबलांवर पेढे वाटून आलो.

भाऊ आता निवृत्त होऊन पावसला राहतात. शेजारच्या टेबलावर नवा भूमापक आहे, चांगला आहे, कमी बोलतो. कोल्हापूरला जाताना माझी गरज उरलेली नाही. मुलगी सुट्टी काढून येते. तिला आता दुर्बिणीची गरज नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ती म्हणते, मी बाबांना ते औषधाचं पाणी प्यायला बसवायला येते.

गेल्या वर्षी त्यांना निरोप द्यायला मी सकाळी एसटी स्टँडवर गेलो होतो. गाडी लागलेली, दोघं आत. खिडकीशी कोणी बसायचं यावरून वाद चालला होता. तिला घाट बघायचा होता, यांना मळमळतं. गाडी सुटली, वळली. मी हात वर केला. दोघांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.