सलीमचाचांनी दवाखाना बंद केला तेव्हा

मी मारेगावला शाळेत विज्ञानाचा तास घेत होते, तेव्हा चाचांच्या मुलाचा, इम्रानचा फोन आला. "दीदी, अब्बा गेले... नागपूरच्या बसची वाट पाहत होते, इथंच स्टँडवर. बॅग खांद्यालाच होती." त्या बॅगेत अॅक्युपंक्चरच्या कोर्सच्या वह्या होत्या. महिना झाला. पांढरकवड्यात लोक सलीमचाचांबद्दल हळहळतात आणि शेवटी हटकून जोडतात, "माणूस देवासारखा, फक्त लायसन नव्हतं." म्हणूनच हे लिहिते आहे.

चाचा हैदराबादच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे सुया टोचायला शिकले होते. कागद नव्हता, हात होता. हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या कंबरा, फवारणीचा पंप वाहून आखडलेले खांदे, कापूस वेचून वळेनाशी झालेली बोटं... बोंडअळीच्या त्या वर्षांत मोठा दवाखाना कुणालाच परवडत नव्हता. माझी याडीही, म्हणजे आई, तांड्यावरून यायची. तिचा नंबर लागेपर्यंत मी बाकावर अभ्यास करायचे. आमच्या घरातली पहिली पदवी मी अर्धीअधिक त्या बाकावर मिळवली.

मग राज्यात कायदा आला. सुया टोचायच्या तर नोंदणी हवी, नोंदणीसाठी मान्य शिक्षण हवं, त्या शिक्षणाला बारावी सायन्स हवं. चाचा दहावी. एका ओळखीच्याने मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणून देतो म्हटलं. चाचांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "भाऊ, माणसाच्या अंगात खरी सुई टोचतो मी. कागद खोटा कसा चालन?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी उतरवली.

त्याच हंगामात याडीचा खांदा पुन्हा धरला. मी तिला घेऊन गेले, तर चाचा हात जोडून दारात उभे. "भाभी, नोंदणी होईपर्यंत नाही."

"इतकी वर्षं टोचल्या ना? आता कायले घाबरून राह्यले?"

"तवा कायदा नव्हता."

"मंग मी अशीच कण्हत राहू का?"

चाचांचे हात जोडलेलेच राहिले. याडी तशीच परतली, आणि मी रागाने कितीतरी दिवस तिकडे फिरकले नाही.

एका रविवारी तेच मारेगावला माझ्या खोलीवर आले, हातात बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक. "मास्तरीणबाई, मले शिकवा." मग दर रविवारी येऊ लागले. भौतिकशास्त्रात एकदा आपटले. याडी भेटली की टोमणा मारायची, "नातवासंगं डब्बा घेऊन जात जा आता!" ते म्हणायचे, "तुम्ही भरून द्या भाभी, जातो." दुसऱ्या खेपेला पास झाले, नागपूरच्या कोर्सला प्रवेश मिळाला. हाताची सवय मोडू नये म्हणून सरकीसकट कापसाच्या गाठोड्यात सुया टोचत बसायचे; सरकीला सुई अडली की स्वतःवरच चिडायचे.

नोंदणी झालीच नाही. एक परीक्षा उरली होती... पण खोटे कागद भिंतीवर लावून ज्यांनी दुकानं चालू ठेवली, त्यांनी चाचांच्या लायसनबद्दल बोलू नये. याडीचा खांदा आजही दुखतो, तरी मी हे म्हणते.

मृत्यूची नोंद करायला इम्रानसोबत मीच गेले. कारकुनाने विचारलं, "मृताचा व्यवसाय?"

इम्रान अडखळला. "डॉक्टर सांगू का, दीदी?"

"नाही," मी म्हटलं. "विद्यार्थी."

कारकून हसला. "मॅडम, वय सत्तावन्न लिहिलंय."

"वय बरोबर आहे. लिहा."

मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. त्याने लिहिलं.