किल्लीवाल्याची सोळा पानं

वाचलेलं पुस्तक मला हात लावताच कळतं. तीस वर्षं पुस्तकं बांधतेय मी. वाचलेल्या पुस्तकाच्या पानांना खालच्या कोपऱ्यात बोटांची चिकट झाक येते, पाठ एका जागी थोडी मोडते, कुठेतरी चहाचं अर्धं वर्तुळ असतं. न वाचलेलं पुस्तक उघडताना कुरकुरतं. त्यामुळे कोण खरं वाचतं आणि कोण नुसतंच पुस्तक काखेत मारून मिरवतं, हे मला सांगावं लागत नाही.

म्हणूनच किल्लीवाल्यांचा मला संशय आला.

बाजाराच्या तोंडाशी, चपलांच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची टपरी आहे. कानशीने घासून किल्ल्या करून द्यायच्या, अडलेली कुलपं उघडायची. लोखंडाचा कीस आणि तेल यांनी बोटं कायमची काळी झालेली, साबणाला दाद न देणारी. आणि हा माणूस आमच्या वाचनालयातून दर आठवड्याला जाडजूड पुस्तक नेणार, परत आणणार, आणि एका पानावर काळा ठसा नाही! हातमोजे घालून वाचतात की काय?

आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी दहाला वाचकांची बैठक असते. लांब टेबल, नऊदहा माणसं. नियम एकच: आवडलेलं पुस्तक मिटून समोर ठेवायचं आणि बोलायचं. उघडून बघायचं नाही, कागदावर टिपून आणायचं नाही. जे डोक्यात उरलं तेवढंच वाचलं, असा हिशोब. ऐकणाऱ्यांपैकी दोघं जरी ‘आम्ही नेतो’ म्हणाले, तरी त्या पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर सांगणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठ्या मी चिकटवते, कारण खळ माझ्याकडे असते.

अकरा वर्षं सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या माझ्या नावाच्या होत्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता. किल्लीवाले आले आणि दीड वर्षात मला मागे टाकून गेले. वर त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या मीच चिकटवायच्या. तळपायाची आग मस्तकात जायची, पण सांगणार कुणाला?

ते बोलायचेही वेगळं. आमचे सचिव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते प्रत्येक पुस्तकाला ‘एकंदरीत वाचनीय’ असा शिक्का मारून मोकळे होतात. शिंपीणबाई पुस्तक सांगताना रडतात, त्यामुळे गोष्ट कळतच नाही. किल्लीवाले मात्र काळे हात मांडीवर ठेवून हळू आवाजात सांगायचे, “तो मुलगा आईला पत्र लिहितो आणि पाठवत नाही ना, तिथे माझी कानस थांबली.” सगळे माना डोलवायचे. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा: वाचताना या माणसाच्या हातात कानस कशाला?

एकदा शिंपीणबाई म्हणाल्या, “तो उतारा बैठकीनंतर वाचून दाखवा ना.” तर म्हणाले, “तुम्हीच वाचा, ताई. माझा आवाज घशात अडकतो.” झालं! माझी खात्री पटली. हा माणूस वाचत नाही. कुठून तरी ऐकून येतो आणि आमच्यासमोर वाचल्याचं सोंग आणतो.

मग मी जे केलं ते माझ्या धंद्याला काळिमा फासणारं होतं. आधी सांगून टाकते.

एका नावाड्याची कादंबरी कुणीतरी वाचनालयाला भेट दिली होती. पाठ सुटली होती म्हणून माझ्याकडे बांधायला आली. मी ती वाचली. बाकी कुणी तिला हात लावला नव्हता. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवलेलं असतं. मी पातळ सुरीने आतला दोरा कापला, एक फर्मा अलगद काढला, बाकीचं पुन्हा शिवलं. पान एकशे बारानंतर थेट एकशे एकोणतीस. फर्मा खणात ठेवला, आणि पुस्तक मुद्दाम किल्लीवाल्यांच्या हातात दिलं. “छान आहे,” म्हटलं. खरा वाचणारा असेल तर पानं गेल्याचं सांगत येईल. नाही आला, तर सापडला.

पुढच्या रविवारी ते बैठकीला आले. पुस्तक मिटून समोर ठेवलं, हात मांडीवर. पानांबद्दल अवाक्षर नाही. उलट रंगून सांगायला लागले.

“नावाड्याची बायको भांडून माहेरी जाते. महिन्याने परत येते, तर दाराला नवं कुलूप. जुनी किल्ली लागत नाही. कुणाला हाक मारत नाही ती, पायरीवर बसून राहते. संध्याकाळी नावाडी येतो. खिशातून किल्ली काढून तिच्या हातात देतो. म्हणतो, दोन केल्यात, एक तुझी. बस. भांडणाचं कुणीच काही बोलत नाही.”

शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तिघांनी एकदम ‘आम्ही नेतो’ म्हटलं. आणि माझा ताबा सुटला. खऱ्या पानांत बायको माहेरी जाते ती वडील वारले म्हणून, आणि कुलपाचा पत्ताच नाही!

“हे पुस्तकात नाही!” मी ओरडले. नियम मोडून पुस्तक उघडलं आणि टेबलावर सरकवलं. “बघा. एकशे बारा. पुढे एकशे एकोणतीस. मधली पानंच नाहीत. मग हे वाचलं कुठून?”

सगळे वाकून बघायला लागले. पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला. मग ते किल्लीवाल्यांकडे वळले आणि जे बोलले ते माझ्या स्वप्नातही नव्हतं.

“पानं वाचली म्हणून तर माहीत आहेत. तुमच्या घरी गेली तेव्हा होती, परत आली तेव्हा नाहीत. नाहीतरी कुलपं उघडणारा हात...” पुढचं त्यांनी गिळलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

किल्लीवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुस्तकाकडे बघत राहिले, कुणीतरी त्यांच्या देखत खिसा कापावा तसे. “मी पान फाडलेलं नाही,” एवढंच म्हणाले. सभासदत्वाचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेले.

मी तोंड उघडायला हवं होतं. पण पानं चुकीची सांगितली हे सिद्ध करायचं तर पानं माझ्या खणात आहेत हेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात पोस्टमास्तर म्हणाले, “बाई, तुमच्या नजरेमुळे सापडलं हो!” आणि मी ते कौतुक मुकाट्याने घेतलं. लाज वाटते सांगायला, पण घेतलं.

तीन दिवस हात कामावर चालेना. खळ पातळ होत होती, पुठ्ठे वाकडे कापले जात होते. चोर म्हणून त्या माणसाला बाहेर काढलं होतं, आणि चोरी माझी होती. गुरुवारी दुपारी खणातला फर्मा कागदात गुंडाळला, वाचनालयाच्या वहीतून त्यांचा पत्ता घेतला आणि निघाले.

लाँड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. दार उघडलं ते पिकल्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एका बाईंनी. किल्लीवाल्यांची थोरली बहीण. खिडकीशी त्यांचं घरचं कामाचं टेबल होतं, त्यावर कानशी आणि अर्धवट किल्ल्या. त्याच्या समोर एक खुर्ची, खुर्चीच्या दांडीवर स्वच्छ नॅपकीन घडी करून ठेवलेला. तो नॅपकीन पाहिला आणि मला सगळं कळलं. पानांवर काळे ठसे का नव्हते, आणि कानस कुठे थांबत होती.

“बाइंडरबाई ना?” त्या म्हणाल्या. “पानं आणलीत?”

मी पुडकं पुढे केलं. “तुम्हाला कसं...”

“पातळ सुरीने कापलेल्या दोऱ्याचं टोक आत राहिलं होतं. फाडणारा असा कापत नाही, बांधणारा कापतो. बसा.”

मी बसले. त्यांनी पुडकं उघडलं नाही, नुसता त्यावर हात ठेवला.

“म्हणजे तुम्ही वाचता आणि ते...”

“तो कानस मारतो आणि ऐकतो. त्याला आकडे येतात, सही येते. बाकी नाही. आमच्या घरातून शाळेत एकालाच पाठवता येत होतं. मी मोठी, मी गेले. तो वडिलांजवळ कामाला बसला.” हे त्या जुनीच गोष्ट सांगावी तसं बोलल्या. “पण ऐकलेलं विसरत नाही हो. रविवारी घरी आला की तुमची सगळ्यांची पुस्तकं मला सांगतो. तुमच्या नावाची चिठ्ठी असली तर ते आम्ही आधी आणायचो.”

मला कुठे बघावं कळेना.

“पानं नाहीत हे त्यांना का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर त्याच पावली पुस्तक परत देऊन आला असता, आणि पुन्हा वाचनालयाची पायरी चढला नसता. गल्लीत कुणाची अंगठी हरवली की आधी आमचं दार वाजतं, बाई. पानांचा आळही आपल्यावरच येणार, हे त्याने ओळखलं असतं. म्हणून मी न थांबता वाचत राहिले. पानं नव्हती तिथे मनाचं वाचलं. कुलूप घातलं, त्याला बरं वाटावं म्हणून.” त्या हसल्या, पण लगेच हसू मावळलं. “रविवारी आला आणि विचारलं, कुलपाचं पान होतं ना? मी खरं सांगितलं. तेव्हापासून मला वाचू देत नाही. काल म्हणाला, ताई, गेल्या दीड वर्षातलं किती खरं होतं?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“सगळं, म्हटलं. त्याला पटलं नाही. कसं पटावं? त्याला पडताळून बघता येत नाही ना.”

त्या खोलीत जिच्यावर कधीच संशय नव्हता अशी एकच गोष्ट होती, ताईंचं वाचणं, आणि ती मी सुरीने कापली होती. मी ढसाढसा रडले. त्यांनी मला थांबवलं नाही की पाणी दिलं नाही. बरोबरच होतं.

रविवारी ताईंनी भावाला बळेच पाठवलं. ते दाराशीच उभे राहिले. मी फर्मा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं: सुरी, खण, चिठ्ठ्यांचा मत्सर. पोस्टमास्तरांना वाटलं, मी किल्लीवाल्यांना वाचवायला खोटं बोलतेय. “मग पानं नव्हती तर यांनी सांगितलं कुठून?” ते म्हणाले.

याचं उत्तर मी द्यायचं नव्हतं.

“मला वाचता येत नाही,” किल्लीवाले दारातून म्हणाले. “ताई वाचते. ते कुलूप तिचं.”

मग शिंपीणबाई नाक पुसत म्हणाल्या, “ताईंना सांगा, कुलूप बरं होतं.” पोस्टमास्तरांनी किल्लीवाल्यांचं ठेवून घेतलेलं कार्ड खिशातून काढलं, त्यांच्या हातात दिलं, आणि माफी मागताना पहिल्यांदाच त्यांना पाठ केलेलं वाक्य सापडेना.

फर्मा मी त्याच दिवशी शिवला. ताईंनी ती सोळा पानं त्यांना वाचून दाखवली म्हणे. ते म्हणाले, ठीक आहेत.

माझ्याशी ते नीट बोलतात. मनात काही ठेवलेलं नाही, असंही म्हणाले. पण दर रविवारी पुस्तक घेतलं की ते घरी नेण्याआधी माझ्यासमोर टेबलावर ठेवतात, अंगठ्याने एकेक पान उलटतात आणि त्यावरचा आकडा मोठ्याने म्हणतात. एकशे अकरा. एकशे बारा. एकशे तेरा. शेवटचा आकडा येईपर्यंत मी समोर उभी राहते. आता त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रत्येक पानावर काळा ठसा असतो. माझ्याकडे रबर आहे. मी एकही पुसलेला नाही.