मनगटाला मनगट

आमच्या आत्याचा आहेर ज्या घरी पोचला आणि तिथे भांडण झालं नाही, असं घर मध्य प्रदेशातल्या आमच्या उभ्या बालाघाटात सापडायचं नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरी राहायची आणि सरकारी दवाखान्यात नर्स होती. गावातली अर्धी पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातात, त्यामुळे बारशाचं पहिलं आमंत्रण तिला जायचं. ते टाळायची सोय यजमानांना नव्हती आणि तिलाही नव्हती. बाकीच्या बायका चांदीची वाटी आणत, चमचा आणत, लोकरीचा स्वेटर आणत. आत्या सूप न्यायची. साधं, बांबूचं, तांदूळ पाखडायचं सूप. एका इंजिनियरसाहेबांच्या नातवाच्या मुंजीत तर तिनं मासे धरायचा बांबूचा सापळा दिला. घर कर्मठ, कांदासुद्धा अंगणात चिरणारं. साहेबांच्या पत्नीनं तो सापळा दोन बोटांत धरून विचारलं, की याचं आम्ही करायचं काय? आत्या म्हणाली, "मासे नका धरू. पोराच्या पेन्सिली ठेवा."

पण खरा कहर पुढेच होता. आहेर नुसता देऊन ती थांबत नसे. भर मांडवात उभी राहून, खणखणीत आवाजात सांगायची, "हे फुलवंतीच्या दुकानातलं आहे. दुकान तिचं सोताचं आहे. अन् ती माझ्यापेक्षा काळी आहे." मग खाली बसून निवांत जेवायची. आमचे वडील त्या वेळी पत्रावळीतून मान वर करत नसत.

त्यामागे तिचा नियम होता. आहेराची वस्तू बाईच्या दुकानातूनच घ्यायची, आणि ती बाई आत्यापेक्षा काळी असली पाहिजे. यातली अडचण कळायला आत्याला बघायला हवं होतं. तिला सावळी, गव्हाळ वगैरे म्हणून वेळ मारून नेता येत नसे. ती काळी होती, लख्ख काळी, आणि तिच्यापेक्षा काळी बाई मिळवायची म्हणजे शोधमोहीमच असायची. त्यासाठी ती उकव्याच्या बसनं जायची, लांजीचा बाजार पालथा घालायची. दुकानासमोर उकिडवी बसायची, स्वतःची बांगडी मागे सारायची आणि दुकानवालीच्या मनगटाला मनगट लावून उजेडात बघायची. फुलवंती ही बैहर रस्त्यावर टोपल्या विणत बसायची. पहिल्यांदा आत्यानं तिच्या हाताला हात लावला तेव्हा ती खो खो हसली आणि म्हणाली, "काली तो मैं ही हूँ बाई, पर तुम भी कम नहीं." तेव्हापासून त्यांची मैत्री जमली ती जमलीच.

सगळ्यांचं नशीब फुलवंतीसारखं नव्हतं. रामपायलीच्या जत्रेत एका कासारणीकडे हिरव्या बांगड्या फार सुरेख होत्या. बाई गोड, भाव रास्त, पण रंग उजळ. आत्या उठायला लागली तशी ती कासारीण काकुळतीला आली. "बाई, मी तर दिवसभर उनात बसून राह्यतो. होळीवरी होऊन जाईन ना काळी." आत्या म्हणाली, "मंग होळीनंतर येतो." आम्ही हसलो आणि विसरलो. आत्या होळीनंतर खरंच बसनं तिच्या गावी गेली, तिला शोधून काढलं, मनगटाला मनगट लावलं आणि हात हलवत परत आली. का, तर अजून कमी पडते.

एका कापडवाल्यानं हिचा नियम ऐकून आपल्या बायकोला गल्ल्यावर बसवलं. बाई रंगानं पास झाली. आत्यानं विचारलं, "पेटीची किल्ली कोणापाशी आहे?" बाईनं नवऱ्याकडे बघितलं. आत्यानं पिशवी उचलली.

मी एकदा वैतागून विचारलं होतं, की हे कशासाठी? ती म्हणाली, "गोऱ्या बाईच्या दुकानात लोक आपसूक जाते. काळीच्या दुकानात कोणी तरी ठरवून जा लागते." एवढंच. तरुणपणी तिला बघायला आलेले लोकही आपसूक परत गेले होते, हे मला वडिलांकडून कळलं होतं. ती त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

आता सुमीचं सांगतो. सुमी माझी धाकटी बहीण, आणि ती आत्यावर गेली होती. अगदी तितकी नाही, किंचित उजळ, पण बघायला येणाऱ्यांना तो किंचित दिसत नसे. आईनं तिला डाळीच्या पिठानं घासलं, साय चोळली, चेहऱ्याला स्नो फासला. पाहुणे येणार म्हटलं की आई खिडकीवर पडदा ओढायची आणि आत्या तो सरकवायची. मग पाहुणे पोहे खायचे आणि मुलाची आई म्हणायची, "मुलगी सुगरण आहे हो, पण..." पुढचं वाक्य आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. लांजीचे पाहुणे असेच गेले त्या संध्याकाळी वडील ओसरीवर डोकं धरून बसले, आई चुलीपाशी रडली, आणि सुमीनं मात्र उरलेले पोहे आत्याच्या पुढ्यात ठेवून सांगितलं, "आत्या, आता मी कोणाच्या समोर बसत नाही."

तिनं शिवणाचं यंत्र पुढच्या खोलीत आणलं आणि झबली-टोपडी शिवायला सुरुवात केली. हात इतका सुबक, की टोपड्याची झालर बघत राहावी. खोलीला रस्त्याकडून दार होतं, ते उघडलं की झालं दुकान. किल्ली तिनं कमरेला खोचली. सगळ्या घरानं गृहीत धरलं, की आता आत्याची भटकंती संपली. बारशाची आमंत्रणं तिला, झबली हिची. पहिल्या दिवशी आत्या आली, समोर बसली, बांगडी मागे सारली आणि सुमीच्या मनगटाला मनगट लावून तिला दाराच्या उजेडात नेलं. बराच वेळ बघितलं.

"तू उजळ आहेस माझ्यापेक्षा," ती म्हणाली.

"काहून वं आत्या? आपल्या माणसाचं नाही घेत तू?"

"नियम आहे."

आणि त्याच दुपारी कुणाच्या तरी बारशासाठी ती फुलवंतीकडून सूप घेऊन आली. सुमीला जन्मभर काळी म्हणून नाकारलं होतं. आता घरातल्याच माणसानं तिला गोरी म्हणून नाकारलं. त्या रात्री ती जेवली नाही. गिऱ्हाइकं येत होती, दुकान चाललं होतं, पण तिला गिऱ्हाईक हवं होतं ते एकच.

मग तिनं जे केलं त्यानं आई खचलीच. भर वैशाखात सुमी यंत्र घेऊन गच्चीवर जाऊन बसली. डोक्यावर पदर नाही, हातांवर बाह्या दुमडलेल्या. जिला लहानपणापासून सावलीसावलीनं चालायला शिकवलं, ती पोर काळी होण्यासाठी उन्हात झबली शिवत होती. आई जिन्यात उभी राहून विनवायची, "सुमे, खाली ये वं, लोकं काय म्हणतीन." सुमी यायची नाही. मृगापर्यंत ती खरोखर चांगलीच रापली. मोठ्या उमेदीनं आत्यासमोर हात धरला. पण आत्यासुद्धा सगळा उन्हाळा खेड्यापाड्यांतून बाळंतिणी तपासत हिंडली होती. अंतर होतं तेवढंच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. मी आत्याला हात जोडले. खोटं बोल, म्हटलं, कोण बघायला येतं आहे? ती म्हणाली, "मी खोटं बोललो तर तिले कळन. मंग ते गिऱ्हाईक नाही राह्यत, कीव होते." तिच्यापुढे मी हात टेकले. माणूस इतका प्रेमळ असून इतका निर्दय कसा असू शकतो, हे मला आजही कळलेलं नाही.

माझी मुलगी जन्मली त्या वर्षी आत्याला दुखणं लागलं. रक्त बनेनासं झालं. गोंदियाला नेलं, नागपूरला नेलं, गुण आला नाही. ती नर्सच होती, तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. अंथरुणाला खिळली आणि दिवसेंदिवस फिकी पडत गेली. ओठ पांढुरके, नखं पांढरी, हातांचा तो लख्ख काळेपणा जाऊन राख फासल्यासारखा रंग आला. जे जन्मभर कुठल्या स्नो-पावडरीला जमलं नाही ते त्या दुखण्यानं केलं. बारशाच्या आदल्या दिवशी सुमी तिला पेज भरवत होती. आत्यानं चमचा बाजूला सारला, सवयीनं बांगडी मागे ओढली आणि सुमीच्या मनगटाशेजारी आपलं मनगट ठेवलं. बघत राहिली. मग हसली.

"सुमे, झाली वं तू माझ्यापेक्षा काळी."

सुमीनं पेजेची वाटी खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले.

"रडून काय राह्यली? गिऱ्हाईक आलं आहे. झबलं दाखव. झालरीचं."

सुमीनं दुकानातली सगळी झबली आणून तिच्या पांघरुणावर मांडली. आत्यानं एकेकाची शिवण नखानं तपासली, एकाचा काज वाकडा म्हणून नाकारलं, आणि पिवळं झबलं पसंत केलं.

बारसं आमच्याच बैठकीत होतं. आत्याची खाट आतल्या खोलीत, दार उघडं. माझ्या सासुरवाडीची माणसं आली होती, सगळी गोरीपान, आणि पाळण्यातली माझी लेक आत्यावर गेली आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं. आत्यानं मला आधीच बजावलं होतं, "झबलं देशीन तवा पुरं सांगजो. अर्धं नको सांगू." मी झबलं हातात घेऊन उभा राहिलो. घसा साफ केला. तेवढ्यात सुमीनं ते माझ्या हातून घेतलं.

"हे आत्याकडून," ती म्हणाली. आवाज आतल्या खोलीपर्यंत जाईल एवढा होता. "माझ्या दुकानातलं आहे. दुकान माझं सोताचं आहे. अन् मी आत्यापेक्षा काळी आहे."

आतून बारीक आवाज आला, "हौ."

त्यानंतर आत्या फार दिवस राहिली नाही. तिच्या सुपांवरून ज्या घरांत भांडणं झाली त्या घरांत आज त्याच सुपांनी तांदूळ पाखडतात, आणि इंजिनियरसाहेबांचा तो नातू पेन्सिली सापळ्यातच ठेवायचा असं ऐकलं. सुमी आता दुसऱ्यांच्या बारशाला जाते तेव्हा आहेर स्वतःच्या दुकानातला नेत नाही. बाजारात जाते, एखाद्या बाईच्या टोपल्यांसमोर उकिडवी बसते आणि बांगडी मागे सारते. पण त्या मनगटाला मनगट लागलं, की ते आत्याचंच असल्यासारखं लवकर सोडत नाही म्हणे.