तिसऱ्या घरातली चावी

"हातात दिल्याशिवाय घेवचा नाय," असं सत्यवान गुरव नेहमी म्हणायचा. पंगतीत कुणी वाढणाऱ्याच्या हातातली पळी ओढली तरी म्हणायचा. गुरवाच्या घरचं वळणच ते. गावच्या देवळात दोन घरांच्या पाळ्या. पाळी संपली की गुरव गाभाऱ्याची चावी पुढच्याच्या तळहातावर ठेवणार, मगच पुढचा उंबरा ओलांडणार.

पन्नाशीतला हा सत्यवान विजयदुर्गाच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका मच्छीमार सोसायटीचे दोन सर्व्हर सांभाळायचा. एक जेटीवरच्या कचेरीत, दुसरा टेकडीवरच्या शाळेत. वाऱ्या-वादळाचा इशारा होड्यांवरच्या फोनवर पाठवायचा, हे त्यांचं काम. एक बंद पडला तर दुसऱ्याने ते उचलायचं. त्यासाठी सत्यवानाने आपलं आपण शिकून कामाचं एक पॅकेज बांधलं होतं. आधी नोंदींची डिस्क जोडायची, मग नेटवर्कवरचा पत्ता घ्यायचा, मग प्रोग्रॅम सुरू करायचा. उतरवताना हेच उलटं. कचेरीत बसणाऱ्या अपेक्षाला त्याचं भारी नवल. काका एक बटण दाबायचा आणि सगळं काम चाहूल न देता टेकडी चढून जायचं.

सोमवारी भर दुपारी जेटीवरचा सर्व्हर जळाला. त्याच वेळी वाऱ्याचा इशारा आला. बावीस होड्या बाहेर, आणि टेकडीवरचा सर्व्हर नुसता बसून. अपेक्षाने एकेका तांडेलाला फोन लावला तेव्हा होड्या परतल्या.

"तुझो दुसरो सर्व्हर सुतक पाळता काय रे?" चेअरमन विनीत म्हणाला. "शनिवारी मी स्वतः वायर काढतलंय. दुसरो उठलो नाय तर ह्यां सगळां बंद."

जेटीवर नवीन सर्व्हर बसला. सत्यवान दोन दिवस पडद्यासमोरून हलला नाही. चूक सापडली ती त्याच्याच हातची. दुसऱ्याने काम कधी घ्यावं, तिथे त्याने लिहिलं होतं : पहिला कामाची चावी सोडील तेव्हा. मेलेला कसली चावी सोडतो?

"मगे ती अट काढून टाका," अपेक्षा म्हणाली.

"आणि मधली केबलच तुटली तर? दोघेव म्हणतले, दुसरो मेलो. दोघेव एकदम कामाक लागतले आणि नोंदींची खिचडी."

"दोन गुरवांनी एकदम अभिषेक केल्यासारख्यां. देवाक हुडहुडी भरात." मग तिलाच प्रश्न पडला. "काका, पाळी चालू आसताना गुरवच गेलो तर चावी कोण देता?"

सत्यवानाची बोटं थांबली. "तेव्हा आल्बिनाबाय देता," तो सावकाश म्हणाला.

गाभाऱ्याची दुसरी चावी पिढ्यान्‌पिढ्या आल्बिनाबायच्या, म्हणजे ख्रिस्ती रोझारियोंच्या घरी. त्यांना देवळात पाळी नाही, म्हणून भांडणही नाही. आधी येऊन मागेल त्याला चावी मिळणार, मागून येणारा हात हलवत परत.

त्याच संध्याकाळी आल्बिनाबायच्या पडवीत एक छोटा डबा बसला. चावी असलेला सर्व्हर गप्प पडला, की आधी मागेल त्या एकालाच ती द्यायची, बाकी काही करायचं नाही.

"ह्येका खावक काय घालूचा?" तिने विचारलं.

"वीज, बाये."

शनिवारी विनीतने जेटीवरच्या सर्व्हरची वायर उपटली. अपेक्षा फोन हातात धरून मोजत राहिली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. फोन वाजला. टेकडीवरून इशारा आला होता.

"ऱ्हवांदे तर," विनीत म्हणाला. "बस, चाय घे."

"आधी आल्बिनाबायक सांगान येतंय."

सत्यवान जेटीच्या पायऱ्या उतरला, चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूतून रोझारियोंच्या माडांकडे चालू लागला. खिडकीतून अपेक्षा बघत होती. तिच्या मागे विनीतही बघत उभा, वायर अजून हातातच.